निरासावा-सानांचा मळका रोबो

निरासावा-सानांनी पानगळ सुरू झाल्यापासून खपून जे काम केलं होतं, ते मी वर्षाच्या शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात कोमट पाण्याने धुऊन टाकलं. वर कोरड्या फडक्याने पुसलं. पुसताना मी शीळ घालत होतो, हे त्यांना अजून माहीत नाही.

यात माझ्याइतकाच दोष वर्षअखेरच्या साफसफाईचा आहे. डिसेंबर संपत आला की आमच्या गल्लीच्या अंगात येतं. चटया उन्हात पडतात आणि काठीने मार खातात. एरवी ज्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही, तो स्वयंपाकघरातला पंखा खाली उतरतो आणि त्याची पाती वेगळी होतात. नव्या वर्षाचा देव म्हणे स्वच्छ घरातच पाऊल ठेवतो. माझ्याकडे तो बरीच वर्षं फिरकलेला नसावा. मी चहाच्या एका घाऊक पेढीवर कारकून आहे, एकटा राहतो, आणि माझ्या घरात वस्तू जिथे पडेल तिथेच तिचा कायमचा पत्ता होतो.

ही ख्याती ऐकूनच निरासावा-सान माझ्याकडे आले होते. ते समोरच्या लाँड्रीचे मालक. बुटांचं एक खोकं दोन्ही हातांत, देवाची मूर्ती धरावी तसं धरून दारात उभे राहिले.

"उराबे-सान, हे नवीन वर्ष लागेपर्यंत तुमच्याकडे राहू दे. आमच्याकडे बायकोची, फुसाएची, साफसफाई सुरू झालीय. तिच्या तावडीतून काही सुटत नाही. काल मांजर धुतलं."

"पण माझ्याकडे तर सगळा पसारा…"

"म्हणूनच! तुम्ही कशाला हात लावत नाही. अख्ख्या गल्लीत याहून सुरक्षित घर नाही. फक्त झाकण लावू नका, तेलरंग वाळायचाय."

खोक्यात वीतभर उंचीचा प्लास्टिकचा रोबो होता. आमच्या शिझुओकात असल्या मॉडेलांचे कारखानेच आहेत, त्याचं नवल नाही. इथे दर दुसऱ्या घरात एखादा पोक्त माणूस दार लावून रोबो जोडत बसलेला असतो आणि त्याची बायको आलेल्या पाहुण्यांना "ते जरा कामात आहेत" असं सांगत असते. पण हा रोबो फारच गबाळा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, पोटावर गंजाचे ओघळ, कोपराला काळपट चिकटा. मला त्याची दयाच आली.

पुढचे दिवस सगळी गल्ली घासत आणि बदडत होती आणि मी एकटा खाली शेगडी आणि वर रजई असलेल्या टेबलात पाय घालून संत्री सोलत पडलो होतो. शेवटच्या दिवशी माझीही लाज जागी झाली. पंख्याचा तेलकटपणा काढायचं औषध विकत आणलं. पंखा उंच होता. रोबो हाताशी होता.

आणि मळ काय निघाला म्हणता! जुन्या टूथब्रशने मी त्याच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा घासून काढल्या. आतून असा पिवळाधमक रंग निघाला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. बिचारे निरासावा-सान, लोकांचे कपडे धुण्यापायी स्वतःची वस्तू धुवायला त्यांना सवड मिळाली नसेल! दुपारी ते खोकं न्यायला आले तेव्हा मी रोबो ताटलीत ठेवून पुढे केला, शेजारी एक संत्रंही ठेवलं.

निरासावा-सानांनी आधी संत्रं बाजूला सारलं. खिशातून चष्मा काढला, लावला. रोबो उचलून उजेडाकडे धरला, उलटा केला, हुंगला.

"कोणतं औषध?"

मी बाटली दाखवली.

"गार पाणी की कोमट?"

"कोमट."

"हं. तरीच." मग रोबोचा उजवा हात वर करून म्हणाले, "काखेत राहिलंय."

धंदा माणसाच्या तोंडून आधी बोलतो. माणूस मागाहून बोलला. "उराबे-सान, ही घाण मी केली होती."

मी ज्या जागी बसलो होतो तिथेच कपाळ चटईला टेकवलं. ते म्हणाले, "उठा. तुमची चटई स्वच्छ नाहीये."

*

निरासावा तोकुझो या माणसाला आमच्या बाजारपेठेत सगळे ओळखतात आणि शक्यतो टाळतात. ते कोणाला 'कसे आहात' विचारत नाहीत. कॉलरकडे बघतात. "परवा करी खाल्लीत. घाईत." एवढं बोलून पुढे जातात. पोस्टमास्तरांना एकदा भर रस्त्यात "हा डाग घरचा नाही" असं म्हणाले. त्या बिचाऱ्यांच्या बाहीवर बाहेरच्या खाणावळीतलं सॉस सांडलं होतं एवढंच, पण त्यांना बायकोला ते पटवायला पुढचा आठवडा लागला. लोक त्यांच्या दुकानात कपडे टाकताना डागावर घडी घालून देतात. ते घडी उलगडून बघतात आणि सहानुभूतीने मान हलवतात. डॉक्टरला जे सांगत नाही ते यांना आपोआप कळतं, म्हणून राग येतो.

असा हा माणूस संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं की मागच्या खोलीत, इस्त्रीच्या यंत्राशेजारी, डाग पाडायला बसतो.

"माझ्या आईला मध्यस्थाने सांगितलं होतं, मुलगा स्वच्छ धंद्यात आहे," फुसाए-सान म्हणतात. "दिवसभर लोकांचे काढतो आणि रात्री स्वतःचे पाडतो, हे कोणी सांगितलं नाही. दारू परवडली असती. दारूचा डाग जातो."

त्या रोबोचीही एक कथा होती. खोक्यावरच्या चित्रात तो लढवय्या होता. हातात स्वतःहून लांब तलवार, मागे पेटलेलं शहर. दुकानात मिळणारे सगळेच रोबो जग वाचवायला निघालेले असतात. निरासावा-सानांनी तो घरी आणला, सुटे भाग चौकटीतून कापले, कापल्याच्या खुणा पॉलिश पेपरने घासल्या, सांध्यांत लांबी भरून पुन्हा घासल्या. इथवर सगळे करतात. मग त्यांनी तलवार केराच्या टोपलीत टाकली. चहाच्या डब्याचा पत्रा कापून फावडं केलं. तारेवर बारीक स्प्रिंग गुंडाळून गाळ ओढायची नळी केली. पाठीवर गटाराची झाकणं म्हणून लोकांच्या शर्टांची तुटलेली, कोणी मागायला न आलेली बटणं बसवली. वर नगरपालिकेच्या गाड्यांचा पिवळा रंग, तोही एअरब्रशने, एकावर एक तीन पातळ हात देऊन.

"जग वाचवायला भरपूर मंडळी आहेत," ते म्हणाले होते. "वाचवून झाल्यावर तुंबलेली गटारं कोण काढणार?"

आणि त्यावर मग ती घाण. मी धुतली ती.

*

"उद्यापासून दुकान बंद. तुमची पेढीपण बंद. सकाळी या," जाताना त्यांनी फर्मावलं होतं.

"उद्या? नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी?"

"घाण करायला मुहूर्त लागत नाही."

म्हणून जग देवळात घंटा वाजवत असताना मी लाँड्रीच्या मागच्या खोलीत थिनरचा वास घेत बसलो. मुदत फार नव्हती. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी बाजारपेठ संघाचं मॉडेलांचं प्रदर्शन. त्यात पहिला आलेला नमुना वर्षभर स्टेशनात, तिकीट खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात राहतो. निरासावा-सानांना ते कपाट हवं होतं. दुसरं बक्षीस म्हणून खेकड्यांचा डबा मिळायचा. तो त्यांना अनेकदा मिळालेला होता. फुसाए-सानांना खेकडे चालत नाहीत.

कपाट इतक्या वर्षांत दातांचे डॉक्टर इवाबुची यांनी सोडलेलं नव्हतं. इवाबुचींचे रोबो पांढरे शुभ्र असतात. दवाखान्यातल्याच यंत्राने ते त्यांना पॉलिश करतात असं म्हणतात. त्या कपाटासमोर उभं राहिलं की आपण आता चूळ भरावी असं वाटायला लागतं.

"कपाटाचं एवढं काय आहे?" मी ब्रश धुता धुता विचारलं.

निरासावा-सान रोबोच्या घोट्यावर तपकिरी रंगाचे ठिपके देत होते. मान वर न करता म्हणाले, "मी सकाळी स्टेशनात जातो ना पेपर घ्यायला, तिथे माझे कोट जातात. मी ओळखतो. तो राखाडी, त्याच्यावर रेड वाइन होती. तो निळा साडेसातच्या गाडीचा, त्याच्यावर शाई. मी नमस्कार करतो. ते मला ओळखत नाहीत. ओळखणार कशावरून? जिथे माझं काम आहे तिथे बघण्यासारखं काही उरतच नाही." ठिपका टिपून घेत ते म्हणाले, "एकदा लोकांनी गाडी चुकवून बघावं, इथे डाग आहे आणि तो मी केलाय."

मी एवढा हेलावलो की हातातल्या ब्रशने रोबोच्या डोक्यावर सढळ हाताने चिखल फासला.

"हे काय?"

"चिखल."

"कुठला?"

"गटारातला."

"गटारात उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर चिखल येतो कसा?"

"पडला असेल बिचारा."

"मग गुडघे खरचटलेले दाखवा. फावडं वाकलेलं दाखवा. घाणीला आईबाप असतात, उराबे-सान. कुठून आली, कशी आली, केव्हापासून आहे, सांगता आलं पाहिजे. ही तुमची घाण अनाथ आहे." आणि त्यांनी ती पुसली.

त्यानंतर मला फक्त ओघळ मारू दिले. गंजाचा ओघळ स्क्रूच्या डोक्यापासून निघतो, खाली जाताना बारीक होतो आणि मध्येच संपतो. मी सुरुवातीला मारले ते सगळे तळापर्यंत गेले. "हा पाऊस आहे की नळ?" निरासावा-सान म्हणाले. मग फुसाए-सान मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, घातलेलं सूप घेऊन आल्या. ट्रे ठेवला, टेबलाची कड कमरेला खोचलेल्या फडक्याने पुसली, आणि हात तसाच पुढे रोबोच्या खांद्याकडे निघाला.

"अगं, हात मागे!"

"अहो, सवय आहे. मी बघतसुद्धा नव्हते."

"न बघताच जास्त नुकसान होतं. एकाने करून दाखवलंय."

फुसाए-सानांनी माझ्याकडे मोठ्या आपुलकीने पाहिलं. त्या घरात माझ्या त्या कामाची कदर असलेली ती एकटीच व्यक्ती होती. "धुतल्यावर किती गोड दिसत होता हो," त्या मला हळूच म्हणाल्या. "नुसता लिंबासारखा."

सुट्ट्या संपल्या तरी मी पेढीवरून सुटल्यावर जात राहिलो. महिन्याच्या मध्यावर शेवटचा मॅट लाखेचा फवारा झाला, रोबोवरची सगळी चकाकी मेली आणि एकदम कोणीतरी कामावरून परत आल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, आधीच्यापेक्षा हा रोबो अधिक घाण झाला होता. निरासावा-सानांनी मागे होऊन तो पाहिला आणि नाकाने हवा सोडली. त्यांच्याकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

*

प्रदर्शन संघाच्या कचेरीवरच्या सभागृहात होतं. लांब टेबलांवर पांढरी चादर, त्यावर जग वाचवणारे रांगेने उभे. प्रत्येकापुढे त्याच्या निर्मात्याचं नाव आणि मागे खुद्द निर्माता, लग्नाला आल्यासारखा.

डॉक्टर इवाबुची लगेच आले. ते फार सभ्य आहेत, म्हणून त्यांचा टोमणा पोहोचायला वेळ लागतो. "वा, निरासावा-सान! यंदाही चिखल? मला नाही जमायचं. धाडस लागतं."

"तुमच्या पेशंटांनाही लागतं," निरासावा-सान म्हणाले.

परीक्षक दोघे होते. एक संघाचे अध्यक्ष कानामोरी-सान. यांचं माशांच्या वड्यांचं दुकान आहे, पण ते स्वतः तिथे क्वचित असतात, कारण गावात रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन असतं आणि फीत कापणारा हात त्यांचाच असतो. दुसरे शहरातून बोलावलेले कलेचे प्राध्यापक. हे प्रत्येक रोबोपुढे थांबून डोळे मिटायचे. डोळे मिटून नेमकं काय बघत होते, कळलं नाही.

निरासावा-सानांच्या रोबोपुढे मात्र प्राध्यापकांनी डोळे उघडले. वाकले. पाठीवरची बटणं मोजली. मग म्हणाले, "ही घाण नाहीच. हा साचलेला काळ आहे."

"गाळ आहे," निरासावा-सान म्हणाले.

"तेच ते!" प्राध्यापक म्हणाले.

थोड्या वेळाने कानामोरी-सानांनी टाळी वाजवून निकाल सांगितला. पहिला नंबर निरासावा. सभागृहात टाळ्या पडल्या. इवाबुचींनी सगळ्यांत आधी वाजवल्या, दात दाखवून. फुसाए-सानांनी मला कोपराने ढोसलं आणि ओठातल्या ओठात म्हणाल्या, "खेकडे टळले." निरासावा-सान कमरेत वाकले ते सरळ व्हायला तयार होईनात. वर आले तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या होत्या.

कानामोरी-सानांनी खिशातून काचेच्या कपाटाची किल्ली काढली. पण दिली नाही. किल्लीने स्वतःचा तळहात खाजवला.

"एक अगदी बारीकशी गोष्ट. निरासावा-सान, तुम्ही समजूतदार आहात. स्टेशन म्हणजे गावाचं तोंड. गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला पहिलं काय दिसणार?"

"तिकीट खिडकी."

"आणि तिच्यासमोर?"

"माझा रोबो."

"म्हणजे चिखल! आणि वर आपलीच पाटी आहे, 'स्वच्छ गाव, हसरं गाव'. पाटीखालीच गटार, बरं दिसतं का? कलेबद्दल माझं काही म्हणणं नाही. कला आहेच. फक्त एकदा ओल्या फडक्याने… वरवर. आत राहू दे हवी तर." मग आवाज खाली आणत म्हणाले, "धुतल्यावर फार छान निघतो असं ऐकलंय."

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. ही बातमी गावभर कोणी केली हे विचारायची गरज नव्हती. फुसाए-सान छताचे दिवे न्याहाळत होत्या.

"आता लाख बसलीय," मी पुटपुटलो.

"थिनरने निघते," इवाबुचींनी तत्परतेने माहिती पुरवली.

"मी बादली आणू?" फुसाए-सान म्हणाल्या. "अहो, वर्षभराचा तर प्रश्न. काचेत राहील. रोज आपल्याला दिसेल. मी स्वतः डबा घेऊन जाईन बघायला."

प्राध्यापकांना 'साचलेल्या काळा'बद्दल कोणी विचारलं तेव्हा ते म्हणाले की स्वच्छतेतही एक प्रकारचा काळ असतोच, आणि त्यांची परतीची गाडी चारची आहे.

निरासावा-सानांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. किल्लीकडे पाहिलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण एखादी वस्तू इतकी हवीशी वाटल्याचं त्यांच्या तोंडावर कधी पाहिलेलं नव्हतं. कानामोरी-सानांनी तेवढ्यात ती किल्ली जरा पुढेही केली. तिच्या टोकाला लाल रेशमी गोंडा होता.

"धुऊन देता येईल," निरासावा-सान दुकानातल्या आवाजात म्हणाले.

सभागृहाने सुटकेचा श्वास सोडला.

"पण धुतला की हा गटार काढणारा राहत नाही, कानामोरी-सान. गटाराच्या उद्घाटनाला आलेला पाहुणा होतो."

कानामोरी-सान मनापासून हसले, कारण ते विनोदाला नेहमीच हसतात. मग हसू मध्येच अडकलं. निरासावा-सानांनी रोबो उचलून बुटांच्या खोक्यात ठेवला, खोकं फडक्यात बांधलं, गाठ मारली. सगळ्यांना एकदा आणि प्राध्यापकांना वेगळं, असे दोनदा वाकले आणि निघाले. मागे किल्लीचा गोंडा डॉक्टर इवाबुचींच्या हातात गेल्याचं मी पाहिलं. त्यांनी तो रुमालाने पुसून घेतला.

*

बाहेर समुद्राकडचा वारा सुटला होता. फुसाए-सान आमच्या पुढे दहा-बारा पावलं, टाचा आपटत चालल्या होत्या. आम्हाला ऐकू यावं अशा बेताने स्वतःशी बोलत होत्या. "वर्षभर काचेत राहिला असता. धूळसुद्धा पुसावी लागली नसती. पण नाही. आता घरी येणार. फडताळावर बसणार. आणि मी हात लावायचा नाही!"

निरासावा-सान माझ्या शेजारून चालत होते. खोकं पोटाशी धरलेलं. समोरून एक बाई राखाडी कोट घालून आल्या. यांनी मान लववली. बाई गोंधळल्या, मागे वळून दुसऱ्या कोणाला नमस्कार केलाय का ते पाहिलं आणि निघून गेल्या.

मला राहवेना. चूक एकदा केलेल्या माणसाला सल्ला देण्याची फार घाई असते. मी म्हटलं, निरासावा-सान, मनाला लावून घेऊ नका. कानामोरी-सान वाईट नाहीत. लोकांची सवय आहे, हळूहळू मोडावी लागते. थोडं तुम्ही पुढे या, थोडे ते येतील. आता चिखल घोट्यापर्यंतच ठेवला असता तर? गंजाचे ओघळ मागच्या बाजूला घेतले असते तर काचेतून दिसलेही नसते. फावडं चकचकीत करून टाकायचं, चेहरा पुसलेला, तोंडावर जरासं हसू. म्हणजे गटाराला निघालेला, अजून पोहोचलेला नाही असा. कोणाचं मन दुखणार नाही आणि कपाटही आपलं. मी बोलत गेलो. बोलता बोलता लाँड्रीचं दार आलं. निरासावा-सानांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या मफलरवरचा एक डाग अंगठ्याने चाचपून पाहिला आणि सोडून दिला.

"मग?" मी विचारलं. "पुढच्या वर्षी कसा करायचा?"

"याहून घाण."